गिधाडं, गाव नमुना चौदा आणि पाच लाख माणसं

गाव नमुना चौदा, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, आपल्याकडे आठवतो तो जातीचा दाखला काढायच्या वेळी. तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचं, मोडी वाचणारा कुणीतरी गाठायचा आणि पणजोबांच्या मृत्यूची ओळ सापडेपर्यंत पिवळी पडलेली पानं उलटायची. ओळ सापडली की झेरॉक्स मारून घरी. त्या ओळीत मरणाचं कारणही लिहिलेलं असतं. ताप. पटकी. म्हातारपण. कोतवालानं सांगितलं आणि लिहिणाऱ्यानं लिहिलं, एवढाच त्याला आधार.

पुढे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला, ही वही ग्रामसेवकाच्या टेबलावर आली आणि अशा ओळींची जिल्हावार बेरीज वर जाऊ लागली. गिधाडांचा विचार करून ती बेरीज कुणी केली नव्हती. तरीही २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात जो निबंध आला, त्याचा कणा हीच बेरीज आहे. शिकागो विद्यापीठातले एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठातले अनंत सुदर्शन हे त्याचे लेखक. त्यांचं म्हणणं असं, की भारतातली गिधाडं संपली म्हणून २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली. म्हणजे वर्षाला एक लाखाच्या थोडी वरच.

मराठीत गिधाड हा जवळपास शिवीसारखा शब्द. इस्टेटीवर टपलेले नातेवाईक, पुरात सापडलेल्यांना लुबाडणारे, सगळे गिधाडंच. मरण आलं की गिधाड येतं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की गिधाड गेल्यामुळे मरण आलं हे वाक्य आधी उलटंच वाटतं. ते सुलटं कसं झालं, त्याची ही गोष्ट.

ढोर पडलं की

भारतात २००३ च्या पशुगणनेत ४८.५ कोटी जनावरं मोजली गेली होती. त्यातली गाई-बैलं बहुतेक ठिकाणी कत्तलखान्यात जात नाहीत, ती गोठ्यात किंवा रानात मरतात. ढोर पडलं की ते गावाबाहेर ओढून न्यायचं, कातडं सोलायचं आणि बाकीचं तिथंच टाकायचं ही शेकडो वर्षांची रीत. ओढायचं आणि सोलायचं काम कुणाच्या माथी मारलं होतं हे महाराष्ट्राला सांगायला नको. बाबासाहेबांनी महाडच्या वेळी ते सोडायला सांगितलं, त्यालाही आता शंभर वर्षं होत आली. मात्र सोलल्यानंतरचा भाग माणसाकडे कधीच नव्हता, तो पक्ष्यांकडे होता. कातडं निघालं की आभाळातून थवा उतरायचा आणि तासाभरात गाईचा सांगाडा उरायचा. हाडं गोळा करणारे नंतर येऊन हाडं न्यायचे. खड्डा नको, लाकूड नको, ग्रामपंचायतीचा खर्च नको.

गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं, की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथंच संपतात. कुत्र्याचं तसं नाही. कुत्रा सावकाश खातो, अर्धं टाकतो, उरलेलं ओढत वस्तीत आणतो, आणि आयतं खाणं मिळालं की त्याची पिल्लावळ वाढते. उंदरांचंही तेच.

हे सगळं १९९० च्या सुमारास ठाकठीक चाललं होतं. देशात तेव्हा गिधाडं कोटींनी होती असा अंदाज आहे. नेमकी किती, ते कुणी मोजलंच नव्हतं. कावळे कोण मोजतं?

भरतपूरची वही

मोजली होती ती एका ठिकाणी. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी. १९८० च्या दशकात त्यांच्याकडे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास घरट्यांची नोंद होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा मोजायला गेले, तर बरीच घरटी ओस आणि झाडांखाली मेलेले पक्षी. काही पक्षी फांदीवर माना खाली टाकून बसलेले. दशक संपता संपता मोजकीच घरटी राहिली. पुढे देशभर रस्त्यांवरून गाडी चालवत मोजणी झाली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली होती. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून ९६.८ टक्क्यांनी.

‘बिग डेटा’ हा शब्द हल्ली कुठल्याही प्रस्तावात घातला की अनुदान सुटतं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. या प्रकरणात धोक्याची घंटा वाजवली ती एका माणसाच्या वहीनं. तोच माणूस, तीच झाडं, दहा-बारा वर्षांचं अंतर. ढिगानं माहिती नव्हती, पण जुनी माहिती जपून ठेवलेली होती.

चुना फासलेलं काळीज

कारण मात्र सापडत नव्हतं. आधी सगळ्यांना वाटलं विषाणू असेल, साथ असेल, कीटकनाशक असेल. उत्तर आलं पाकिस्तानी पंजाबातून. तिथं गिधाडांच्या वसाहती जास्त शाबूत होत्या, म्हणून ताजी कलेवरं मिळत होती. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी ती फाडून बघत होते. आतलं दृश्य विलक्षण होतं: काळीज, यकृत, मूत्रपिंड, सगळ्यांवर पांढऱ्या खडूसारखा थर. चुना फासावा तसा. मूत्रपिंड बंद पडल्यावर रक्तातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही, ते अवयवांवर असं साखळतं. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी ८५ टक्के पक्षी याच विकारानं मेले होते.

जंतू सापडेना, जड धातू सापडेना. मग त्यांनी प्रश्न फिरवला: गिधाड खातं ते जनावर मरायच्या आधी काय खातं? उत्तर होतं डायक्लोफेनॅक. आपण कंबर धरली की घेतो ती वेदनाशामक गोळी. औषधाचं पेटंट संपलं, स्वस्त जेनेरिक आवृत्त्या आल्या आणि १९९४ च्या सुमारास ते गुरांसाठी सर्रास वापरात आलं. बैल लंगडायला लागला, गाईचं आचळ सुजलं, की एक इंजेक्शन. शेतकऱ्याच्या दृष्टीनं वरदानच. खडूसारखा थर असलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडं तपासली तर २५ च्या २५ मध्ये डायक्लोफेनॅक. तसा थर नसलेल्या १३ मध्ये एकातही नाही. पुढे पक्ष्यांना ते देऊन पाहिलं तेव्हा हुबेहूब तोच विकार झाला. हा निबंध २००४ साली ‘नेचर’मध्ये आला.

२५ आणि १३. एवढ्याशा आकड्यांनी उपखंडाचं कोडं सुटलं.

एक शंका मात्र कुणालाही येईल. औषध जनावराच्या अंगात काही दिवसच राहतं. इंजेक्शन घेऊन लगेच मेलेली जनावरं अशी असतात किती? फार नसतात, आणि फार लागतही नाहीत. गिधाडं थव्यानं जेवतात, एका ढोरावर पन्नास-शंभर. मादी वर्षाला एकच अंडं घालते. हिशेब मांडल्यावर दिसलं, की शंभर मेलेल्या ढोरांमागे एकाहूनही कमी विषारी असलं तरी जात संपायला पुरेसं आहे. मग २००४-०५ मध्ये १२ राज्यांतून मेलेल्या गुरांच्या यकृताचे १,८४८ नमुने गोळा केले गेले. त्यात डायक्लोफेनॅक निघालं १०.१ टक्क्यांत.

दुहेरी वजाबाकी

इथवरची गोष्ट पक्षीप्रेमींना पाठ आहे. गिधाडं का मेली हे कळलं, २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बनवायला बंदी केली, नेपाळ आणि पाकिस्ताननंही केली. राहिला प्रश्न माणसांचा. गिधाडं गेली आणि कुत्री वाढली असं गावोगाव लोक म्हणत होते. पण म्हणणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

फ्रँक आणि सुदर्शन यांच्यापुढची पहिली अडचण म्हणजे कुठल्या जिल्ह्यात किती गिधाडं होती, याची नोंदच नाही. त्यांनी वाट काढली ती अशी. बर्डलाइफ इंटरनॅशनलकडे तिन्ही जातींच्या वावराचे नकाशे आहेत, म्हणजे कुठली जमीन या पक्ष्यांना मानवते त्याचे. ते जिल्ह्यांच्या नकाशावर ठेवले. काही जिल्हे गिधाडांना फार सोयीचे निघाले, काही मुळीच नाहीत. आधीपासून गिधाडं नव्हतीच अशा जिल्ह्याचं ती जाऊन काय बिघडणार? मग हे जिल्हे तुलनेला आले.

आता आपल्या ग्रामसेवकाच्या वहीची पाळी. जिल्हावार मृत्यूच्या नोंदी १९८८ ते २००५. १९९४ च्या आधीची वर्षं एका बाजूला, नंतरची दुसऱ्या बाजूला.

गणित शाळेतलंच आहे, फक्त वजाबाकी दोनदा करायची. समजा (हे आकडे माझे, केवळ उदाहरणासाठी) गिधाडांच्या पट्ट्यात हजारी मृत्युदर १० वरून ९.८ वर आला आणि दुसऱ्या पट्ट्यात १० वरून ९.३ वर. दोन्हीकडे घटच आहे, कुणाला काही खटकणार नाही, आरोग्यमंत्री दोन्ही आकडे अभिमानानं वाचून दाखवतील. पण दवाखाने, रस्ते, लसी दोन्हीकडे सारख्याच वाढल्या असतील तर पहिल्या पट्ट्यातही ९.३ यायला हवे होते. मधले ०.५ कुठून आले? माणसं जास्तीची मेली ती अशा घटत्या आकड्याच्या पोटात दडून. कुठल्याही एका गावात, एका इस्पितळात, एका वर्षात ती दिसणार नाहीत. ती दिसायला सगळा देश एका तक्त्यात मांडावा लागतो. बिग डेटाचा या प्रकरणातला खरा उपयोग हा, आणि इथं मात्र त्याला पर्याय नव्हता.

खरं उत्तर असं निघालं: १९९४ पर्यंत दोन्ही पट्टे हातात हात घालून चालले होते, नंतर फाटा फुटला. २००० ते २००५ मध्ये गिधाडांच्या पट्ट्यात मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक जास्त होता, सरासरी ४.७. परिणाम सर्वांत ठळक कुठं? जिथं जनावरं भरपूर आणि वस्ती शहरी आहे तिथं, कारण तिथं मेलेलं ढोर टाकायला जागाच नसते. ते नाल्याकडेला किंवा शहराबाहेरच्या उकिरड्यावर जातं.

नुसत्या मृत्यूच्या आकड्यावर त्यांनी भागवलं नाही. कुत्र्यांची संख्या, रेबीजच्या लशीची विक्री, नद्यांच्या पाण्यातलं प्रदूषण, यांचेही तक्ते पाहिले. लशीची विक्री औषध धंद्याच्या कामासाठी नोंदलेली, कुत्री पशुगणनेत मोजलेली, पाणी तपासणारे प्रदूषणवाले. एकाच्या कपाटातली फाइल दुसऱ्यानं कधी बघितलेली नाही. सगळ्यांत काटा एकाच दिशेला झुकलेला निघाला.

मग पैशाचा हिशेब: वर्षाला ६९.४ अब्ज डॉलर. माणसाच्या जिवाची किंमत लावायच्या अर्थशास्त्रीय पद्धतीतून हा आकडा येतो. मला तो पटवून घ्यायला जड जातं, पण वित्त खात्याला गिधाड समजावून सांगायचं तर दुसरी भाषा नाही हेही खरं.

वहीतला शेवटचा रकाना

या निबंधाच्या बातम्या आल्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी छापलं गेलं, की कुत्री चावून पाच लाख माणसं मेली. निबंधात तसं नाही. तिथं ‘सर्व कारणांनी’ झालेले मृत्यू आहेत. त्यात रेबीज किती, दूषित पाण्यानं गेलेली किती, हे वेगळं काढलेलं नाही, काढता येण्यासारखंही नाही. कारण पुन्हा तीच वही. त्या काळात देशातले सुमारे निम्मे मृत्यू नोंदलेच जात नव्हते, आणि जे नोंदले जात त्यांच्या कारणाच्या रकान्यावर विसंबणं म्हणजे पणजोबांच्या ‘तापा’वर विसंबणं. अगदी २०२० मध्येही नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले अवघे २२.५ टक्के होते.

रेबीजचंच बघा. भारतात त्यानं वर्षाला १८ ते २० हजार माणसं मरतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत २०२२-२३ मध्ये घरोघर विचारून पाहिलं, तर अंदाज आला ५,७२६. मधल्या काळात लसीकरण वाढलं हे मान्य, पण एवढी तफावत त्यानं भरून निघेल असं मला वाटत नाही. आणि २००८ मध्ये अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांनी गिधाडांच्या ऱ्हासाचा पहिला हिशेब मांडला होता, तो कुत्रे आणि रेबीज एवढ्यापुरताच: १९९२ ते २००६ मध्ये सुमारे ४८ हजार जादा मृत्यू, ३४ अब्ज डॉलरचं नुकसान. तो हिशेब एका साखळीवर उभा होता. इतकी कुत्री वाढली, म्हणून इतके चावे, म्हणून इतके मृत्यू. साखळीतली एक कडी सैल निघाली की शेवटचा आकडा डळमळतो. फ्रँक-सुदर्शन यांनी साखळी सोडून थेट टोकाचा आकडा मोजला, म्हणून त्यांचं काम जास्त भक्कम. बदल्यात ‘कशानं’ हे हातचं गेलं.

माझी आणखी एक कुरकुर आहे. १९९४ नंतर या देशात बदललं नाही असं काय? खुली अर्थव्यवस्था, शहरांची सूज, नोंदणीत झालेली सुधारणा. एखाद्या पट्ट्यात मृत्यू जास्त झाले नसतील, नुसते जास्त नोंदले गेले असतील. या शंकेला उत्तर म्हणून १९९४ च्या आधीची समांतर चाल, जनावरांच्या गर्दीत दिसणारा ठळक परिणाम, लशी आणि पाणी ही सगळी साक्ष मांडलेली आहे. मला ती पुरेशी वाटते. पण पाच लाख हा आकडा कुणी एकेक मोजून आणलेला नाही, तो तुलनेतून आलेला अंदाज आहे. भाषणात वापरताना तेवढं ‘सुमारे’ गाळू नये.

बंदी आणि बाटली

२००६ ची बंदी जनावरांच्या औषधावर होती, माणसांच्या नाही. आणि माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक इंजेक्शन मोठ्या बाटलीत मिळायचं. एवढी मोठी बाटली माणसाला कशाला लागते, हे औषध दुकानदाराला कळत होतं आणि गुरांच्या डॉक्टरलाही. संशोधक गिऱ्हाईक बनून दुकानात गेले, ‘बैल लंगडतोय, काय देता?’ म्हणाले. २००७ ते २०१० या काळात ११ राज्यांतल्या अडीचशेहून अधिक दुकानांत अशी चौकशी झाली, ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक सापडलं. मोठ्या बाटलीवर बंदी यायला २०१५ उजाडलं. तेव्हापासून एका बाटलीत ३ मिलिलिटर, म्हणजे माणसाचा एक डोस. बैलाला द्यायचं तर बाटल्यांचा ढीग फोडावा लागेल.

तोवर बाजारात दुसरी वेदनाशामकं शिरली होती. केटोप्रोफेन गिधाडांना मारतं हे प्रयोगातून २००९-१० मध्येच छापून आलं होतं. ॲसिक्लोफेनॅक गाईच्या अंगात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं, हे २०१६ मध्ये. दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली जुलै २०२३ मध्ये. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध २००६ पासून माहीत आहे आणि दुकानात मिळतंही. औषध बाजारात यायच्या आधीच ते गिधाडांना चालतं का हे तपासायची सक्ती असती, तर हे एकेक करून मागे धावणं टळलं असतं. त्यासाठी कुठलाही महातक्ता लागत नाही, पिंजऱ्यातले थोडे पक्षी आणि एक प्रयोगशाळा पुरते.

माहितीचा दुष्काळ आता नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर बेतलेला आहे. माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी नागपुरात डिसेंबर २०२२ मध्ये झाली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं जानेवारी २०२४ मध्ये ताडोब्यात बोटेझरीला आणली, पुढे सोडली. पाठीवर जीपीएस. पक्षी कुठं बसला, कधी उडाला, किती उंचीवर गेला, सगळं पडद्यावर ठिपक्यांनी उमटतं. त्यातलं एक तर थेट तमिळनाडूपर्यंत गेलं.

ठिपका एखाद्या माळरानावर दोन तास हलला नाही की बघणाऱ्याला कळतं, पक्षी खातोय. खाली पडलेल्या त्या बैलाला आठवड्याभरात कुणी, कुठल्या बाटलीतून, कसलं इंजेक्शन दिलं होतं, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या एखाद्या रजिस्टरात लिहिलेलं असेल. खासगी डॉक्टरनं दिलं असेल तर तेही नाही.